अप्सरा, सायरस आणि अम्मीचे आठ दिवस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



गेल्या हिवाळ्यात धाकट्या बहिणीच्या मुलीला घेऊन घारापुरीला गेलो होतो. गेटवेवरून लाँच सुटली, ताजमहाल हॉटेल मागे पडलं, सीगल पक्ष्यांना कुरमुरे टाकून झाले. थोड्या वेळानं डाव्या हाताला दूरवर ट्रॉम्बेचा डोंगर दिसू लागला. डोंगराच्या पायथ्याशी, पाण्याच्या अगदी काठाला, एक मोठा घुमट आहे. मुंबईकरांनी तो लाँचमधून अनेकदा पाहिला असेल. भाचीनं विचारलं, "मामू, ते काय आहे?" मी म्हटलं, "अणुभट्टी." तिचा लगेच पुढचा प्रश्न, "म्हणजे तिथं लाइट बनते?"

मी म्हटलं, "नाही. तिथल्या एकाही अणुभट्टीनं मुंबईला विजेचा एक दिवासुद्धा दिलेला नाही."

"मग ती बांधली कशाला?"

हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलीचा आहे, पण उत्तर द्यायला मला लाँचचा प्रवास पुरला नाही. आज तुमच्यासमोर ते उत्तर नीट मांडावं म्हणतो. मी बी.ए. झालेला माणूस, कविता लिहितो. विज्ञानाशी माझा शाळेतला संबंध दहावीला संपला. पण या अणुभट्ट्यांशी माझ्या घराचा एक जुना धागा आहे. तो पुढे सांगेन.

आधी अणुभट्टी म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. युरेनियमच्या एका विशिष्ट अणूच्या गाभ्यावर न्यूट्रॉन आदळला, की गाभा फुटतो. फुटताना उष्णता देतो आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर टाकतो. ते न्यूट्रॉन आणखी गाभे फोडतात. गावात एखादी बातमी एकाच्या तोंडून दोघांना, दोघांच्या तोंडून चौघांना कळावी, तसं हे चालतं. बातमी कुणी पुढे सांगितलीच नाही, तर ती विझते. भलतीच पसरली, तर दंगल होते. अणुभट्टीची सारी कला या दोहोंच्या मधली जागा सांभाळण्यात आहे. एका फुटण्यातून सरासरी बरोबर एकच नवं फुटणं घडावं. त्या अवस्थेला क्रांतिक अवस्था म्हणतात. जगात पहिल्यांदा ती साधली २ डिसेंबर १९४२ रोजी, शिकागोमध्ये, एन्रिको फर्मी यांच्या हातून. एका क्रीडांगणाच्या प्रेक्षागृहाखाली स्क्वॉश खेळायची जागा होती, तिथं ग्रॅफाइटच्या विटा रचून ती भट्टी उभी केली होती.

वीज करणाऱ्या अणुभट्टीला उष्णता हवी असते. त्या उष्णतेवर पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर चक्र फिरवायचं. प्रायोगिक अणुभट्टीला मात्र उष्णता नको असते. तिला हवे असतात न्यूट्रॉन. उष्णता ही तिची अडगळ. ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीची उष्णता समुद्राच्या पाण्यानं वाहून नेऊन समुद्रालाच परत दिली जायची. म्हणजे आपण ज्याला उत्पन्न म्हणतो ते ही भट्टी टाकून देते, आणि डोळ्यांना न दिसणारे कण जपून ठेवते.

ट्रॉम्बे हे नाव इंग्रजांच्या जिभेवर तयार झालं. आपलं जुनं नाव तुर्भे. १९५४ च्या जानेवारीत इथं अणुशक्ती संस्था सुरू झाली. तिचे कर्तेधर्ते होते डॉ. होमी भाभा. १९६६ साली आल्प्समध्ये मॉं ब्लांवर झालेल्या विमान अपघातात ते गेले आणि १९६७ साली संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. त्याआधी १९५५ साली त्यांनी ठरवलं होतं, की पहिली भट्टी पाण्याच्या टाकीतली असावी. रचना साधी होती. खोल हौद, त्यात स्वच्छ पाणी आणि वरच्या सरकत्या पुलावरून पाण्यात टांगलेला इंधनाचा गाभा. तेच पाणी न्यूट्रॉनचा वेग कमी करतं, तेच गाभा थंड ठेवतं आणि काठावर उभ्या माणसांचं किरणांपासून रक्षणही करतं. इंधन ब्रिटनमधून आलं. बाकीचं बहुतेक काम, त्यातली नियंत्रणाची यंत्रणा धरून, इथल्या तरुण अभियंत्यांनी केलं. स्वातंत्र्य मिळून नऊ वर्षं व्हायची होती. ४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी पावणेचारच्या सुमारास ती भट्टी क्रांतिक झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातली ती पहिली.

२० जानेवारी १९५७ रोजी पंडित नेहरूंनी तिचं उद्‌घाटन केलं आणि तिचं नाव ठेवलं 'अप्सरा'. हे नाव उगाच सुचलेलं नाही. भट्टी चालू असली, की गाभ्याभोवतीचं पाणी निळं उजळतं. पाण्यात प्रकाशाचा वेग पोकळीतल्या वेगाच्या साधारण पाऊणपट होतो. गाभ्यातून निघणारे काही इलेक्ट्रॉन पाण्यातल्या त्या प्रकाशापेक्षा वेगानं धावतात आणि धावताना निळा प्रकाश मागे सोडतात. पावेल चेरेंकोव्ह या रशियन शास्त्रज्ञानं हा प्रकाश ओळखला, म्हणून त्याला त्याचं नाव आहे. अप् म्हणजे पाणी. पाण्यात वावरते ती अप्सरा. यंत्राचं इतकं अचूक बारसं मी दुसरं पाहिलेलं नाही.

एक मेगावॅट क्षमतेची ही भट्टी पन्नासहून अधिक वर्षं चालली. तिच्या काठावर उभं राहून शास्त्रज्ञांच्या पिढ्या शिकल्या. न्यूट्रॉनचा झोत एखाद्या पदार्थावर सोडायचा आणि तो कसा विखुरतो यावरून त्या पदार्थाच्या आतली मांडणी ओळखायची, हे काम इथं सुरू झालं. त्यातले एक अग्रणी डॉ. पी. के. अय्यंगार. कॅनडात चॉक रिव्हर इथं ते बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्याबरोबर काम करून आले होते. याच विषयातल्या कामासाठी ब्रॉकहाउस यांना १९९४ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

यानंतरची दोन नावं मी मुद्दाम उलट्या क्रमानं घेतो. १४ जानेवारी १९६१ रोजी 'झर्लिना' सुरू झाली. ही शून्य शक्तीची भट्टी. शून्य म्हणजे अगदी शून्य नव्हे, पण कमाल शंभर वॅट, घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी. तिचं काम एकच होतं. युरेनियमच्या कांड्या जड पाण्यात किती अंतरावर, कशा रचल्या म्हणजे साखळी नीट चालते, हे तपासायचं. रचायचं, मोजायचं, मोडायचं, पुन्हा रचायचं. झर्लिना हे नाव इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलेलं आहे, पण मोझार्टच्या एका संगीतिकेतल्या खेडवळ मुलीचंही नाव तेच आहे. भाभांना पाश्चात्त्य संगीताचं वेड होतं. तेव्हा अक्षरं जुळवताना ती मुलगी कुणाच्या तरी मनात असावी, असं मला आपलं वाटतं. १९८३ साली झर्लिना निवृत्त झाली. तिनं काहीच निर्माण केलं नाही. पण मोठी भट्टी बांधण्याआधी छोटीवर चुका करून घ्याव्यात, हे शहाणपण तिच्यासारख्या भट्ट्यांमुळेच अंगवळणी पडतं.

आता सायरस. लाँचमधून दिसणारा घुमट तिचाच. १९५६ च्या एप्रिलमध्ये कॅनडाशी करार झाला. कोलंबो योजनेखाली कॅनडानं भट्टी दिली, अमेरिकेनं जड पाणी दिलं. म्हणून कॅनडा, इंडिया आणि यू.एस. यांची अक्षरं तिच्या नावात आली. चॉक रिव्हरच्या एनआरएक्स भट्टीच्या धर्तीवर ती बांधली होती. क्षमता चाळीस मेगावॅट, म्हणजे अप्सरेच्या चाळीसपट. इंधन साधं, समृद्ध न केलेलं युरेनियम. पहिल्या भरणीतलं निम्मं इंधन इथंच तयार केलं होतं. १० जुलै १९६० रोजी ती क्रांतिक झाली, पण पूर्ण क्षमता गाठायला १९६३ उजाडलं.

इथं माझ्या घराचा धागा येतो.

१९८३ साल. मी तेरा वर्षांचा होतो. अम्मीला थायरॉइडचा त्रास सुरू झाला. हात थरथरायचे, छाती धडधडायची, भर थंडीत घाम फुटायचा. वजन इतकं उतरलं की बांगड्या कोपरापर्यंत वर जायच्या. अब्बा तिला परळला रुग्णालयात घेऊन जायचे. तिथं एके दिवशी तिला छोट्या बाटलीतून औषध प्यायला दिलं. अम्मी घरी येऊन म्हणाली, "काही नाही, पाण्यासारखं पाणी होतं." ते किरणोत्सारी आयोडीन होतं. शरीरातलं आयोडीन थायरॉइडची ग्रंथी ओढून घेते, म्हणून हे औषध बरोबर तिथंच जाऊन पोचतं आणि वाजवीपेक्षा जास्त काम करणाऱ्या पेशी आतल्या आत नष्ट करतं. चिरफाड नाही, टाका नाही.

पण डॉक्टरांनी बजावलं होतं, काही दिवस लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही. आमची धाकटी तेव्हा तीन वर्षांची. अम्मीची खाट बाहेरच्या खोलीत टाकली. ताट वेगळं, पेला वेगळा. धाकटी दाराशी उभी राहून हात पसरायची आणि मी तिला कमरेला धरून मागे ओढायचो. अम्मी खाटेवरून तिच्याकडे बघायची आणि तोंड भिंतीकडे वळवायची. अब्बांनी डॉक्टरांकडून एक हिशेब समजून घेतला होता. या आयोडीनचं अर्धं बळ आठ दिवसांत संपतं. उरलेल्याचं अर्धं पुढच्या आठ दिवसांत. आमच्या घरी भिंतीवर कालनिर्णय होतं. अब्बांनी त्यावर पेन्सिलीनं आठव्या दिवसाला एक खूण केली, सोळाव्याला दुसरी. अंगातून बरंचसं आयोडीन लघवीवाटेही निघून जातं, त्यामुळे धाकटीला डॉक्टरांनी त्याआधीच आईच्या मांडीवर बसू दिलं. पण अब्बांच्या खुणा वर्षभर तशाच राहिल्या.

हे औषध ट्रॉम्बेहून येतं, असं अब्बा म्हणाले होते. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. पुढे वाचलं ते असं. टेल्युरियम नावाचं मूलद्रव्य भट्टीत ठेवतात. न्यूट्रॉन गिळून त्याचं रूप बदलतं आणि त्यातून हे आयोडीन मिळतं. ते साठवून ठेवता येत नाही, कारण आठ दिवसांत ते अर्धं होतं. म्हणून भट्टी सतत चालावी लागते आणि माल ताबडतोब रुग्णालयांत पोचवावा लागतो. १९८३ साली ट्रॉम्बेची मोठी भट्टी सायरसच होती. अम्मी त्यानंतर तेहतीस वर्षं जगली. रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची एक गोळी, एवढाच त्या आजाराचा मागे राहिलेला हप्ता.

इथंच थांबलो असतो, तर हे भाषण गोड झालं असतं. पण कॉलेजात असताना एका मित्राशी वाद झाला. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, की माझी आई सायरसमुळे वाचली. तो शांतपणे म्हणाला, "पोखरणचं प्लुटोनियमही सायरसचंच." मला राग आला. ग्रंथालयात जाऊन जुने अंक चाळले. त्याचं खरं होतं.

साध्या युरेनियममधला बराच भाग भट्टीत फुटत नाही. तो न्यूट्रॉन गिळतो आणि हळूहळू प्लुटोनियम होतो. वापरलेल्या कांड्यांमधून ते वेगळं काढण्याचा कारखाना ट्रॉम्बेतच उभा राहिला आणि १९६५ साली त्याचं उद्‌घाटन झालं. १९७२ च्या मे महिन्यात तिथं 'पूर्णिमा' नावाची छोटी भट्टी सुरू झाली. तिचं इंधन प्लुटोनियमचं. तिच्यात न्यूट्रॉनचा वेग कमी केला जात नव्हता. वेगवान न्यूट्रॉनची साखळी कशी वागते, हे तिच्यावर शिकता आलं, आणि तो अनुभव पुढच्या कामी आला, हे त्यात असलेल्या शास्त्रज्ञांनीच नंतर सांगितलं आहे. १८ मे १९७४ रोजी राजस्थानात पोखरणला जमिनीखाली स्फोट झाला. सरकारनं त्याला शांततामय अणुस्फोट म्हटलं. कॅनडाला ते मान्य नव्हतं. करारात भट्टी शांततेच्या कामासाठी वापरण्याचं वचन होतं, पण तपासणीची तरतूद नव्हती. एकाच शब्दाचे दोन देशांनी दोन अर्थ लावले. कॅनडानं अणुसहकार्य थांबवलं आणि अणुसामग्री पुरवणारे देश एकत्र येऊन निर्बंध घालू लागले.

कवी म्हणून मला या इतिहासाची एक गोष्ट टोचते. ट्रॉम्बेच्या भट्ट्यांची नावं किती सुंदर आहेत! अप्सरा, पूर्णिमा, ध्रुव. पुढे कल्पाक्कमला 'कामिनी' आली. नावं ठेवणं हा माझाही धंदा आहे, म्हणून सांगतो. चांगलं नाव वस्तूचा एक पैलू उजळतं आणि बाकीचे अंधारात ठेवतं. 'पूर्णिमा' म्हटलं की चांदणं आठवतं, प्लुटोनियम आठवत नाही. पण 'बॉम्ब' या शब्दाचंही तसंच आहे. सायरसवर तो एकच शब्द लिहिला, तर आमच्या बाहेरच्या खोलीतली खाट त्यात दिसत नाही.

'ध्रुव'ची गोष्ट याच कारणासाठी मला आवडते. परकी मदत आटल्यावर शंभर मेगावॅटची ही भट्टी इथल्या लोकांनी स्वतः आखली आणि बांधली. डॉ. अनिल काकोडकर त्यातले एक. ८ ऑगस्ट १९८५ रोजी ती क्रांतिक झाली. ध्रुव म्हणजे अढळ. पण सुरुवातीला नेमकी अडचण आली ती थरथरण्याची! थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या प्रवाहात इंधनाच्या कांड्या कंप पावू लागल्या. भट्टी थांबवावी लागली. कंप का होतो ते शोधलं, कांड्यांच्या रचनेत बदल केले, आणि १९८८ च्या जानेवारीत ती पूर्ण क्षमतेनं चालली. आकाशातल्या ध्रुवाला अढळपद वर मागून मिळालं. या ध्रुवानं ते अडीच वर्षं चुका दुरुस्त करून मिळवलं. तीही दोन्ही कामांची आहे. वैद्यकासाठी आणि उद्योगासाठी लागणारे समस्थानिक तिच्यात होतात, आणि संरक्षणाच्या बाजूलाही तिची गणना होते.

अप्सरा २००९ साली थांबली. भारत आणि अमेरिका यांच्यात जो अणुकरार झाला, त्याच्या अनुषंगानं सायरस ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद झाली. पन्नास वर्षं तिनं काम केलं. अप्सरेचा मात्र दुसरा जन्म झाला. १० सप्टेंबर २०१८ रोजी त्याच ट्रॉम्बेत दोन मेगावॅटची सुधारित अप्सरा सुरू झाली. आता तिचं इंधन इथंच तयार झालेलं आहे. पहिल्या अप्सरेच्या इंधनासाठी ब्रिटनकडे जावं लागलं होतं, त्याला तेव्हा बासष्ट वर्षं झाली होती.

परतीच्या लाँचमध्ये भाचीला मी हे सारं जमेल तसं सांगितलं. तिची आई म्हणजे आमची तीच धाकटी, दाराशी हात पसरून रडणारी. नानीच्या औषधाची गोष्ट ऐकून भाची खूश झाली. मग पोखरणची ऐकली आणि गप्प बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मामू, मग ती भट्टी चांगली होती की वाईट?"

मी म्हटलं, "भट्टीनं फक्त न्यूट्रॉन दिले. त्यांच्यासमोर टेल्युरियम ठेवायचं की युरेनियम, आणि युरेनियमचं पुढे काय करायचं, हे माणसांनी ठरवलं. म्हणून विचारायचं असेल तर माणसांना विचारायचं. आणि ते विचारायला शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही."

तिचं समाधान झालं की नाही, ठाऊक नाही. माझंही पुरतं झालेलं नाही. आपल्या पैशावर चाललेल्या यंत्रात काय घातलं आणि काय काढलं, हा हिशेब नागरिकानं मागावा. तो जिथं उघड मिळत नाही, तिथं निदान प्रश्न तरी जिवंत ठेवावा. अब्बांना विज्ञान येत नव्हतं, पण आपल्या घरात काय आलंय आणि ते किती दिवसांनी अर्धं होतं, हे त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं आणि भिंतीवर लिहून ठेवलं होतं. तेवढं तर आपल्याला कुणालाही जमेल.